दगडांच्या छंदाची हत्यारं जवळपास मिळत नाहीत? या चुका टाळा

दगड गोळा करायचा नाद लागला की सुरुवातीला घरातल्या हातोडीवर काम भागतं. मग एखादा अकीक हाती लागतो, त्याच्या फुटलेल्या कडेला पट्टे दिसतात आणि तो कापून, घासून, चकचकीत करून बघावासा वाटतो. इथून दुकानांच्या चकरा सुरू होतात आणि बहुतेक जण दोन-तीन ठिकाणी नकार ऐकून ‘आपल्याकडे हे मिळतच नाही’ असं ठरवून टाकतात. माझा अनुभव वेगळा आहे. या छंदाचं म्हणून दुकान क्वचितच सापडतं, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूचं दुकान कुठल्या ना कुठल्या धंद्यासाठी आधीच उघडलेलं असतं.

छंदाचं नाव सांगून दुकान शोधणं

‘रॉकहाउंडिंगचं (दगड शोधून गोळा करायचं) सामान आहे का?’ किंवा ‘लॅपिडरीचं (दगड कापून-घासून चमकवायचं) काही मिळेल का?’ असं विचारलं की काउंटरमागचा माणूस मान हलवतो. त्याच्या मागच्या फळीवर तुम्हाला हवी तीच पावडर असते, पण तो ती काच घासणाऱ्यांना विकतो. म्हणून वस्तू विचारा आणि तिच्याकडून काय काम करून घ्यायचं आहे ते सांगा.

दगड फोडायची छिन्नी आणि घण बांधकामाची हत्यारं विकणाऱ्याकडे असतात. हिऱ्याच्या धारेचं ब्लेड फरशी आणि ग्रॅनाइट कापणारे जिथून घेतात तिथे. घासायची पावडर सँडब्लास्टिंगचं सामान ठेवणाऱ्याकडे, आणि शेवटच्या चकाकीसाठीचं सेरियम ऑक्साइड काच आणि आरशाच्या कामाचं सामान विकणाऱ्याकडे. लूप (डोळ्याशी धरून बघायचं छोटं भिंग), चिमटे, दगड काडीला चिकटवायचं डॉप वॅक्स दागिने घडवणाऱ्यांच्या हत्यारांच्या दुकानात. खनिजाच्या भुकटीचा रंग तपासायला तर खास काही घ्यायचीच गरज नाही. पांढऱ्या सिरॅमिक टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू पुरते. मात्र गारगोटीसारखं टाइलपेक्षा कठीण खनिज त्यावर रंग सोडत नाही, टाइललाच ओरखडा पाडतं.

दुकानदारापेक्षाही उपयोगी माणूस म्हणजे त्याचं गिऱ्हाईक. दगड कोरणारे, स्मारकशिलांवर अक्षरं काढणारे, ग्रॅनाइट कापणारे, रत्नांना पैलू पाडणारे यांच्यापैकी कुणालाही ‘तुम्ही ब्लेड कुठून आणता?’ एवढं विचारा. रोज ब्लेड झिजवणारा माणूस खराब माल देणाऱ्या दुकानात दुसऱ्यांदा जात नाही. त्याच्याकडचे कापून उरलेले तुकडेही सरावाला मिळू शकतात, तेव्हा तेही विचारून घ्या.

फोनवर ‘आहे का?’ विचारून थांबू नका. ‘आहे’ या उत्तरात ‘तसंच काहीतरी आहे’ हेही बसतं. पाकिटावर काय छापलंय ते वाचून दाखवायला सांगा: नाव, आकडा, माप. एका चिठ्ठीवर आपल्या यंत्राच्या शाफ्टची जाडी, ब्लेडचा व्यास आणि फेऱ्यांचा वेग लिहून ती खिशात ठेवा. जुनं, झिजलेलं ब्लेड सोबत नेलं तर सगळ्यात उत्तम.

खनिजसंग्राहकांचा क्लब जवळपास असेल तर त्याला डावलू नका. क्लबात अनेकदा पावडर एकत्र मागवून वाटून घेतात आणि काही क्लबांची स्वतःची यंत्रंही असतात. अमेरिकेत अशा संस्थांचा महासंघ १९४७पासून आहे आणि तिथल्या टूसॉनचं खनिज प्रदर्शन १९५५पासून भरतं. प्रदर्शन लहान असो की मोठं, तिथे फक्त दगड बघून परत फिरू नका. दगड विकणाऱ्याला विचारा की हा कापला कशावर. दगड मांडणारे बरेच जण तो स्वतःच कापतात आणि मनापासून सांगतात.

हातोडी म्हटली की कुठलीही हातोडी

सुताराची हातोडी खिळ्यासाठी बनवलेली असते. तिचं तोंड कठीण करून घेतलेलं असतं, आणि दगडावर किंवा कठीण पोलादावर मारताना त्या तोंडाचा टवका उडू शकतो. तो डोळ्याच्या दिशेने येतो तेव्हा दिसतसुद्धा नाही.

दगडांसाठीची चांगली हातोडी शक्यतो डोक्यापासून दांड्यापर्यंत एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेली बघावी. १९२३मध्ये सुरू झालेल्या एस्टविंग या अमेरिकी कंपनीच्या हातोड्या याच पद्धतीसाठी ओळखल्या जातात. त्यांची २२ औंसी, म्हणजे सुमारे ६२५ ग्रॅम डोक्याची हातोडी अनेक भूशास्त्रज्ञांच्या पट्ट्याला लटकलेली दिसेल. दुसऱ्या कुणाचीही घ्या, पण दांडा डोक्यात ठोकून बसवलाय की सलग आहे ते हातात धरून बघा. कठीण दगडासाठी टोकदार बाजूची, थरांचा दगड सोलायला आणि जीवाश्म काढायला छिन्नीसारख्या रुंद बाजूची.

आता सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक. हातोडीचं टोक भेगेत घालून तिच्या डोक्यावर दुसऱ्या हातोडीने मारणं. दोन्ही पोलादं कठीण असतात, त्यामुळे टवका उडतो. भेग मोठी करायला छिन्नीच हवी, कारण छिन्नीचं डोकं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. ते मार खाऊन छत्रीसारखं फुलतं आणि कडेला पातळ पाकळ्या सुटतात. त्या पाकळ्याही उडतात, म्हणून वेळच्या वेळी ग्राइंडरवर काढून टाका. दुकानात घाईगर्दीत छिन्नीऐवजी पटाशी गळ्यात पडली तर परत करा. पटाशी लाकडासाठी असते, दगडावर तिची धार पहिल्याच दिवशी जाते.

पावडरीच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं

हे मी स्वतः भोगलंय. करड्या पट्ट्यांचा एक अकीक सपाट काचेवर सुट्या पावडरीने घासत होते. ६०० नंबरची पावडर मध्येच संपली. जवळच्या दुकानातून ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणला, दुकानदाराने सांगितलं, ‘सहाशे म्हणजे सहाशे.’ पुढे तासभर पॉलिश केलं तरी दगडावर भुरका पडदा राहिला. दिव्याखाली तिरका धरला तेव्हा कारण दिसलं: केसाएवढ्या बारीक, एकाच दिशेने गेलेल्या रेघा. आधीच्या टप्प्यापेक्षा जाड कणांनी मी दगड पुन्हा ओरबाडला होता.

सहाशे म्हणजे सहाशे नसतं. युरोपीय मानकात कागदावरच्या कणांच्या आकड्याआधी ‘पी’ असतं आणि सुट्या पावडरीच्या आकड्याआधी ‘एफ’. पी ६००चा सरासरी कण सुमारे २५.८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर एफ ६००चा सुमारे ९.३ मायक्रॉनचा. जवळजवळ पावणेतीन पट फरक. अमेरिकी आणि जपानी आकडे आणखी वेगळे. म्हणून पाकिटावर मायक्रॉन दिलेत का ते बघा, आणि एकदा एका पद्धतीचा माल घेतला की पॉलिशपर्यंत त्याच पद्धतीचा वापरा. पावडरीवर ६०/९० किंवा १२०/२२० असे दोन आकडे दिसले तर त्या दोन मापांमधले कण एकत्र आहेत असं समजावं. सुरुवातीच्या घासणीला ते चालतं.

दुसरा घोळ पावडर कशाची आहे यात होतो. फ्रीडरिश मोस यांनी १८१२मध्ये मांडलेल्या कठीणपणाच्या मापावर गारगोटी ७ वर आहे आणि कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ९ वर. सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही थोडं वर. अकीक आणि जॅस्पर गारगोटीच्याच कुळातले. त्यामुळे तत्त्वतः दोन्ही पावडरी चालायला हव्यात, पण सिलिकॉन कार्बाइडचा कण तुटत गेला तरी प्रत्येक वेळी नवी धार देतो, तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कण हळूहळू गोलसर होतो. जाड घासणीत हा फरक दिवसांचा पडतो. सिलिकॉन कार्बाइड काळं किंवा हिरवं असतं आणि उजेडात चमचमतं. ॲल्युमिनियम ऑक्साइड तपकिरी, पांढरं किंवा गुलाबी.

दुकानात ‘सिलिकॉन कार्बाइड’ म्हणून काम झालं नाही तर ‘कार्बोरंडम’ म्हणून बघा. एडवर्ड ॲचेसन यांना १८९१मध्ये कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत हे स्फटिक मिळाले आणि त्यांनीच हे नाव ठेवलं. कारागिरांच्या तोंडी ते अजून आहे.

सँडब्लास्टिंगवाल्याकडे गार्नेटची पावडरही असते. ती दिसायला छान असते, पण तिचा कठीणपणा गारगोटीच्याच आसपास, त्यामुळे अकीकावर ती उगीच फिरत राहते. आणि एकदा वापरून चाळलेली पावडर स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, त्यात काय काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नसतं. तोच नियम उघड्या पोत्यांना. दुकानदार ज्या मापट्याने ८० नंबरची पावडर काढतो त्यानेच ५०० नंबरची काढत असेल, तर बारीक पावडर तिथून घेऊच नका. एक जाड कण पुरतो.

बसतंय म्हणून ब्लेड घेणं

हातात धरायच्या अँगल ग्राइंडरच्या ब्लेडचं भोक साधारणपणे २२.२३ मिलिमीटरचं असतं. दगड कापायच्या छोट्या यंत्रांचा शाफ्ट अनेकदा पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८८ मिलिमीटरचा. मधली फट भरायला योग्य मापाची धातूची बुशच हवी. टेप गुंडाळून बसवलेलं ब्लेड मध्यावर राहत नाही, थरथरतं आणि दगडाच्या कडा फोडतं.

धारेला खाचा असलेलं ब्लेड काँक्रीटसाठी आहे. अकीकाला सलग धारेचं, शक्य तितकं पातळ ब्लेड घ्या. जाड ब्लेडमध्ये दगड भुकटी होऊन जातो, आणि लहान दगडात तो तोटा जाणवतो. ब्लेडवर छापलेला कमाल वेग आणि फिरण्याच्या दिशेचा बाण दुकानातच वाचा. लहान दगड हातात धरून अँगल ग्राइंडरने कापायचा मोह होतो. बोटं आणि दगड दोन्ही जातात, त्यामुळे ते करूच नका.

ब्लेड कापेनासं झालं की लोक नवं आणायला धावतात. पुष्कळदा ते संपलेलं नसतं, नुसतं गुळगुळीत झालेलं असतं. हिऱ्याचे कण धातूत बुडालेले असतात. मऊ विटेत किंवा धार लावायच्या सिलिकॉन कार्बाइडच्या कांडीत पाणी सोडत दोन-चार काप घ्या, वरचा धातू झिजतो आणि कण उघडे पडतात. तरीही कापलं नाही तर खुशाल नवं घ्या.

ज्या करवतीचं ब्लेड तेलाने थंड ठेवतात तिच्यात रॉकेल किंवा डिझेल घालायचा सल्ला अजूनही कुणीतरी देतं. आगीचा धोका आणि वाफा, दोन्ही नकोत. त्यासाठी असलेलं खनिज तेल मागा.

‘पॉलिश’ एवढंच म्हणणं

धातू चमकवायची लाल कांडी हेसुद्धा पॉलिशच. ती आयर्न ऑक्साइडची असते, आणि सच्छिद्र दगडात तिचा लालसर रंग मुरून बसला की सहजी निघत नाही. अकीक-जॅस्परसाठी सेरियम ऑक्साइड, तेही नाव घेऊन मागा.

चष्मा आणि मास्क सर्वात शेवटी घेणं

हे खरं तर हातोडीच्या आधी घ्यायला हवेत. रोजचा चष्मा उडत्या टवक्यासाठी नसतो. सुरक्षा-चष्म्यावर झेड ८७ किंवा ईएन १६६ अशी खूण असते, ती शोधा. गारगोटीची श्वासात जाणारी धूळ फुप्फुसात कायमची राहते आणि सिलिकोसिस होतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या धुळीला १९९७मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. कापडी मास्क इथे कामाचा नाही. एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा, आणि तरीही कापणं-घासणं पाण्यातच करायचं. सांडलेला राडा ओला असतानाच पुसा. वाळला की तो पुन्हा धूळच होतो. आणि तो मोरीत ओतू नका, पाइपमध्ये बसून घट्ट होतो.

मोठा आकडा असलेला लूप

स्वस्त लूपवर ३० पट असं छापलेलं असतं आणि आत धूसर चित्र. १० पटीचा, तीन भिंगं जोडलेला लूप पुरेसा आहे. दुकानात आलेखकागदाचा तुकडा घेऊन जा. लूपमधून बघताना कडेच्या रेघा वाकल्या किंवा त्यांना रंगीत किनार दिसली तर तो ठेवून द्या.

जुनं यंत्र बघताच घेणं

जुनी यंत्रं चांगली असतात, पण ती चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. पट्टा काढून शाफ्ट हाताने फिरवा. बेअरिंग खरखरत असेल तर बोटांना कळतं. शाफ्ट वरखाली हलवून बघा. घासायचं चाक बरेच दिवस पाण्यात अर्धं बुडून राहिलं असेल तर एका बाजूने जड झालेलं असतं आणि फिरताना सगळं यंत्र हादरवतं. दगडी चाक सुटं आणि कोरडं असेल तर भोकात बोट घालून लटकवा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा आहे, आणि तडा गेलेलं चाक वेगात फुटतं.

निघण्याआधी विकणाऱ्याला विचारा की इतकी वर्षं ब्लेडं आणि पावडरी कुठून आणत होता. त्याच्याकडे एखादं जुनं बिल निघतं, किंवा पावडरीच्या रिकाम्या डब्यावर दुकानाचा शिक्का असतो. डबा रिकामा असला तरी मागून घ्या.