कोंबड्यांना प्रोबायोटिक द्यायचंय ना, मग ऊन तापायच्या आधीच सुरू करा

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या पोल्ट्रीवाल्यांनो, प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जंतूंची पुडी, मार्चमध्येच चालू करा. मे महिन्यात पारा 44 वर गेला, पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकायला लागले की मग धावत जाऊन पुडी आणतात, पण त्या दिवशीची मर त्याने थांबत नाही, आतड्यात चांगले जंतू बसायला वेळ लागतो.

आतड्याचा काय संबंध असं बरेच जण विचारतात. कोंबडीला घाम येत नाही, जास्त करून धापा टाकूनच ती उष्णता बाहेर काढते, आणि अंग थंड करायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं म्हणून आतड्याला रक्त कमी पडतं, अस्तर कमजोर होतं आणि ई. कोलायसारखे जंतू, त्यांचं विष आत शिरायला वाट मिळते. मग पातळ विष्ठा, ओलं लिटर (शेडमधला भुशाचा थर), वजन अडकलेलं. प्रोबायोटिकचं काम इथे आहे, ते शेड थंड करत नाही.

घेताना पुडीवर जंतूचं नाव वाचा. पेलेट, म्हणजे वाफेवर दाबून गोळ्या केलेल्या खाद्यात मिसळून येणारं असेल तर बॅसिलस सबटिलिससारखं बघा, त्याचे बीजाणू पेलेट बनवतानाची उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस सहसा तिथे टिकत नाही, ते पाण्यातून द्या. पुड्या तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका, जिवंत माल आहे तो.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पाण्यात! टाकीत ब्लिचिंग किंवा सॅनिटायझर आणि त्याच पाण्यात प्रोबायोटिक म्हणजे जंतू तिथेच मेले. लाइव्ह लस देताना जसं बिनक्लोरीनचं पाणी वापरता तसंच इथेही वापरा, सकाळी द्या, लवकर संपेल एवढंच कालवा. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्ही एकत्र नको, कोर्स संपल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

बाकी कामं आहेतच, पत्र्याला चुना, वर पाचट, स्प्रिंकलर, टाकी आणि पाइप सावलीत, कारण पाणी गरम झालं की पक्षी पीत नाही आणि तिथूनच सगळं बिघडतं. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी फीडर वर उचला, पचनाने अंगात अजून उष्णता तयार होते. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारा) कोरड्या हवेतच चालवा, कोकणात दमट हवेत त्याचा फारसा फायदा नाही, तिथे पंखेच वाढवा.

लेअरवाल्यांनी, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी, अंड्याचं कवच पातळ झालं तर नुसतं प्रोबायोटिकवर थांबू नये. धापांनी कार्बन डायऑक्साइड निघून जातो म्हणून कवच नीट बनत नाही, त्यासाठी खाण्याचा सोडा, व्हिटॅमिन सी किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि मर अचानक वाढली तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी मेलेल्या ताज्या पक्ष्याचं पीएम (शवविच्छेदन) करून घ्या, राणीखेत हा विषाणूचा रोग उन्हाळ्यातही येतो.