ओएई ‘पास’ म्हणजे बाळाला ऐकू येतं, असं नाही : या चुका टाळा

आतल्या कानातल्या बाह्य केशपेशी आवाज आला की स्वतः हलतात आणि त्यातून एक अगदी बारीक आवाज उलटा बाहेर येतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो पहिल्यांदा मोजून दाखवला. ओएई (ओटोअकूस्टिक एमिशन) म्हणजे तोच, आणि तो मोजणाऱ्या तपासणीलाही आम्ही ओएईच म्हणतो. त्यातून केशपेशींची तब्येत कळते, पुढच्या मज्जातंतूची नाही. हे श्रवणतपासणी शिकणाऱ्या मुलांना तोंडपाठ असतं, पण रिपोर्टवर सही करताना नेमकं हेच विसरतात.

हडपसरहून चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन घरचे आले होते. जन्मल्यावर कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं, बारा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. फाइलमध्ये ‘ओएई : दोन्ही कान पास’ आणि त्याखाली ठसठशीत ‘श्रवण सामान्य’. आजी म्हणाली, “मॅडम, मागं ताट पडलं तरी वळत नाही. पण रिपोर्ट चांगला होता, म्हणून आम्ही थांबलो.” मी ओएई पुन्हा केली, सुरेख आली. मग त्याला झोपवून बेरा केली, म्हणजे आवाज मज्जातंतूतून मेंदूकडे पोचतो का ते दाखवणारी तपासणी. ९० डेसिबलला सुद्धा पाचव्या लाटेचा, म्हणजे आवाज पुढे पोचल्याच्या खुणेचा, पत्ता नाही. आलेखाच्या सुरुवातीला नुसतं कॉक्लियर मायक्रोफोनिक, म्हणजे केशपेशींचाच विद्युत प्रतिसाद; क्लिकच्या आवाजाची पोलॅरिटी (दाबाची दिशा) बदलली की तेही उलटं होणारं. ऑडिटरी न्यूरोपथी : केशपेशी ठीक, पण पुढे मज्जातंतूतून आवाज नीट जात नाही. सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवे होते. ‘श्रवण सामान्य’ या दोन शब्दांनी त्या पोराचं वर्ष खाल्लं.

एनआयसीयूत पाच दिवसांहून जास्त राहिलेलं किंवा रक्त बदललेलं बाळ असेल, तर ओएई पास असो की नसो, बेरा करायचीच. मी फाइलवर आधी लाल पेनानं ‘बेरा’ लिहिते, मगच मशीन चालू करते.

दुसरी चूक घाईची. ‘रेफर’ (म्हणजे पास नाही) आलं की कानात घातलेला तोच प्रोब तसाच ठेवून पास येईपर्यंत बटण दाबत राहायचं. दहादा दाबलं तर कधीतरी योगायोगानं पास येईलच, त्याला तपासणी म्हणत नाहीत. प्रोब काढा, त्याच्या टोकाच्या रबरी टिपचं भोक मळानं बुजलंय का बघा, मोठी टिप लावा. पहिल्या दिवशी बाळाच्या कानात जन्माचा चिकटा असतो, एक-दोन दिवस थांबा. मोठ्या मुलाला सर्दी असेल तर आधी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणारी तपासणी. पडद्यामागे पाणी असलं की केशपेशी ठणठणीत असूनही ओएई गायब होते.

ओएई नाही म्हणून ‘ठार बहिरा’ लिहू नका. ऐकण्यातला तोटा साधारण ३५ डेसिबलच्या पुढे गेला की ती येत नाही, मग तो ४० असो वा ९०.

ढोल-ताशा पथकातल्या मुलांचा ऑडिओग्राम (ऐकण्याचा आलेख) नॉर्मल आला तरी चार हजार हर्ट्‌झच्या आसपासची डीपीओएई (दोन सूर एकदम देऊन मोजायची ओएई) बघा. ती खाली आलेली दिसली तर वाट बघू नका, त्याच दिवशी कानात इअरप्लग घालायला सांगा.