हृदयाचा स्नायू जाड का झाला? मूळ कारण शोधण्याची रीत

टू-डी इकोच्या अहवालात ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’ (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार) असे लिहून आले, की बहुतेक घरांत आधी तेल-तुपावर, कामाच्या ताणावर किंवा जिमवर खापर फुटते. प्रत्यक्षात हा आजार बहुतांशी जन्मतःच असलेल्या जनुकीय दोषातून उद्भवतो आणि साधारण पाचशे माणसांत एकाला तो असतो, असे मानले जाते. त्यामुळे त्याचे कारण शोधायचे तर रुग्णाबरोबर त्याच्या नातेवाइकांचीही माहिती काढावी लागते.

सुरुवात हातातल्या अहवालापासून करावी. त्यात ‘आयव्हीएस’ या अक्षरांपुढे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याची जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. निरोगी प्रौढात ती साधारण ६ ते ११ असते. डाव्या कप्प्याची भिंत कोठेही १५ मिमी किंवा अधिक जाड असेल आणि त्याला दुसरे कारण दिसत नसेल, तर या आजाराचे निदान होते. रक्ताच्या नात्यात आजार असल्यास १३ मिमी जाडीही पुरते. ‘दुसरे कारण’ म्हणजे मुख्यतः अनेक वर्षांचे वाढलेले बीपी आणि महाधमनीच्या झडपेचे आकुंचन. बीपीमुळे येणारी जाडी सहसा बेताची व सगळीकडे सारखी असते, म्हणून बीपीच्या जुन्या नोंदी आणि आधीचे इको कार्डिओलॉजिस्टना अवश्य दाखवावेत.

यानंतर कुटुंबाचा तक्ता काढावा. आपल्याकडच्या वंशावळीत बहुधा केवळ पुरुषांची नावे असतात. ती वंशावळ येथे निरुपयोगी आहे. सदोष जनुक मुलगा व मुलगी दोघांकडेही सारख्याच शक्यतेने, म्हणजे प्रत्येक अपत्याकडे ५० टक्के, जाते. म्हणून सासरी गेलेल्या आत्या, मावश्या, त्यांची मुले आणि आईचे संपूर्ण माहेर यांची नोंद तीन पिढ्यांपर्यंत करावी. घरात कोणाला हृदयविकार होता का, एवढेच विचारले तर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. त्याऐवजी चाळिशीच्या आत अचानक कोण गेले, खेळताना किंवा जिना चढताना कोणाची शुद्ध हरपली, पेसमेकर किंवा शॉक देणारे यंत्र कोणाला बसवले, असे नेमके विचारावे. ‘झोपेतच गेला’ किंवा ‘अटॅक आला’ अशा नोंदींपुढे वय लिहावे, कारण पंचविशीतल्या अटॅकमागे खरे कारण वेगळे असण्याची शक्यता मोठी असते. मामे-आते भावंडांतील विवाह असल्यास तोही लिहावा. आई-वडील दोघांकडून जनुकाची सदोष प्रत मिळालेल्या बाळात आजार फार लवकर आणि तीव्र रूपात दिसू शकतो.

दोष बहुधा हृदयस्नायूला आकुंचन पावायला लावणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांत असतो. सर्वाधिक आढळणारी दोन जनुके एमवायबीपीसी३ आणि एमवायएच७ ही होत. दुसऱ्यातील दोष १९९० मध्ये सर्वप्रथम उघड झाला. अशा प्रथिनांमुळे स्नायू गरजेपेक्षा जोराने आवळला जातो, नीट सैल होत नाही, आणि कालांतराने त्याचे तंतू अस्ताव्यस्त होऊन भिंत जाड होते. भारतीय वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एमवायबीपीसी३ मधील डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे हा बदल भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, हे २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनातून पुढे आले. परंतु तो असलेले पुष्कळ लोक ठणठणीत असतात. तेव्हा अहवालात तेवढाच बदल आला, तर कारण सापडले असे समजून शोध थांबवू नये.

काही आजार याच आजाराचे सोंग घेतात, आणि त्यांचे उपचार निराळे असतात. हातापायांची आग, घाम न येणे व मूत्रपिंडाचा त्रास असेल तर फॅब्री या आनुवंशिक आजाराची (यात पेशींत एक प्रकारची चरबी साचते) शंका घ्यावी. उतारवयात, दोन्ही मनगटांच्या नसा दबल्याचा इतिहास असताना भिंत जाड झाली असेल, तर अमायलॉइडची, म्हणजे हृदयात विकृत प्रथिन साचण्याच्या आजाराची.

जनुकीय चाचणी नेहमी आजार सिद्ध झालेल्या व्यक्तीचीच आधी करावी. निरोगी मुलापासून सुरुवात केल्यास ‘काही नाही’ या निकालाला अर्थच उरत नाही. निश्चित दोष साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांतच सापडतो. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आल्यास त्यावरून नातेवाइकांचे निर्णय घेऊ नयेत. दोष निश्चित झाला, तर आई-वडील, भावंडे व मुले यांची त्याच एका दोषासाठी चाचणी करता येते, आणि तो नसलेल्यांना पुढे वारंवार इको करण्याची गरज राहत नाही. दोष असलेल्यांनी, तसेच ज्या घरात दोष सापडलाच नाही तेथील जवळच्या सर्व नातेवाइकांनी, ईसीजी व इको करून घ्यावेत: मुलांनी दर एक-दोन वर्षांनी, प्रौढांनी दर तीन ते पाच वर्षांनी.