घरच्या भट्टीवर सुरी घडवताय? या चुका टाळा

नव्याने सुरी घडवणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: धार लागते, पण टिकत नाही. मग दगड बदलून बघतात, कोन बदलून बघतात. खरी चूक फार आधी झालेली असते. पात्याला जिथे कडकपणा यायला हवा होता, तिथे तो आलेलाच नसतो. स्वतः बनवलेल्या अवजारांत याच्या नेमकं उलट होतं, कडकपणा नको तिथे येऊन बसतो. म्हणून दोन्हींबद्दल एकत्र लिहितो आहे.

लोखंड ओळखल्याशिवाय ठोकू नका

दाराच्या गजाचं किंवा साध्या पट्टीचं लोखंड म्हणजे माइल्ड स्टील. त्यात कार्बन जेमतेम ०.२ टक्के. ते कितीही तापवा, कशातही बुडवा, धार धरण्याइतकं कडक होणार नाही. सुरीसाठी साधारण ०.६ टक्क्यांच्या वर कार्बन लागतो. पहिल्या काही सुऱ्यांसाठी १०८४ हे पोलाद घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कार्बन सुमारे ०.८४ टक्के असतो आणि तापमानाच्या लहानसहान चुका ते पोटात घालतं. १०९५ दिसायला त्याचाच भाऊ, पण त्याला खूप वेगाने थंड व्हावं लागतं. साध्या तेलात ते अर्धवटच कडक होतं आणि नवखा माणूस स्वतःला दोष देत बसतो.

जुन्या गाडीचा कमानपाटा फुकट मिळतो म्हणून वापरायचा मोह होतो. तो बहुतेकदा चांगल्या पोलादाचा असतो, पण वर्षानुवर्षं वाकून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात. त्या भेगा कळतात नेमक्या पाणी देताना, म्हणजे लाल पातं बुडवून कडक करताना, सगळी मेहनत झाल्यावर. म्हणून आधी एक छोटा तुकडा कापा, लाल करून तेलात बुडवा, व्हाइसमध्ये धरा, त्यावर फडकं टाका आणि डोळ्यांना चष्मा लावून हातोड्याने मोडा. तुकडा नुसता वाकला तर हे लोखंड सुरीचं नाही. कडकन मोडला आणि आतला कण राखाडी, मखमलीसारखा बारीक दिसला तर काम झालं. साखरेसारखे चमकणारे जाड कण दिसले, तर पोलाद चांगलं आहे पण तुम्ही ते जास्त तापवलं.

‘पाणी देणं’ हा शब्द शब्दशः घेऊ नका

कडक करण्याच्या क्रियेला आपण पाणी देणं म्हणतो, म्हणून अनेक जण बादली भरून तयार ठेवतात. सुरीच्या बहुतेक पोलादांना पाणी फार झोंबतं. पातं बुडवताच ‘टिंग’ असा बारीक आवाज आला की समजा, पातं टिचलं. ती भेग नंतर कशानेही सांधत नाही. १०८४ ला खाद्यतेल पुरतं, मात्र ते ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट फिरत नाही आणि उष्णता सावकाश ओढतं. गाडीचं वापरलेलं काळं तेल नकोच. त्याचा धूर फुप्फुसांत घेण्यासारखा नसतो.

तापमानाचा अंदाज ही सगळ्यात मोठी घसरण. सुमारे ७७० अंशांना पोलादाचं लोहचुंबकाशी नातं तुटतं. पुष्कळ जण चुंबक सुटला की लगेच पातं बुडवतात. ते थोडं लवकर होतं, १०८४ ला साधारण ८१५ अंश हवेत. मला आवडलेली एक युक्ती सांगतो: साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्यावर चिमूटभर टाका. चुंबक सुटल्यावर मीठ वितळून पाण्यासारखं पसरलं, की किंचित थांबून बुडवा. हे काम सावलीत करा. उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस नकळत जास्त तापवतो.

ठोकून झाल्यावर थेट पाणी देणं ही आणखी एक घाई. ठोकताना पोलादात ताण साठतात आणि कण वाढतात. पातं तीन वेळा लाल करून स्थिर हवेत थंड होऊ द्या, दर वेळी ताप थोडा कमी ठेवा. पातं वाकडं होण्याच्या निम्म्याअधिक तक्रारी माझ्याकडे इथेच संपल्या. उरलेल्या दोन कारणांनी होत्या: धारेची बाजू आधीच कागदासारखी पातळ केली होती (किमान एक ते दीड मिलिमीटर जाडी ठेवावी), आणि तेलात पातं आडवं हलवलं होतं. बुडवताना सरळ खाली न्या, हलवायचं तर वरखाली.

भांडं धातूचंच घ्या, शेजारी झाकण ठेवा. पातं अर्धवट बुडालं तर तेल भडकतं. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नका, झाकणाने गुदमरवा.

कानस फसवते

बाहेर काढल्यावर कानस फिरवून बघायची, घसरली तर पातं कडक झालं. बरोबर, पण इथे एक फसगत आहे. भट्टीत वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळून जातो, तो थर मऊ राहतो आणि कानस त्यात रुतते. लगेच निराश होऊन पातं पुन्हा तापवू नका. त्याच जागी अजून थोडं घासा, आत कानस घसरते का बघा.

कडक झालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. हाताला कोमट लागताच ते टेंपरिंगला, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा मंद तापवायला, जायला हवं: सुमारे २०० अंश, दोन तास, मग पूर्ण थंड करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. पातं थोडं वाकलं असेल तर दुसऱ्या फेरीत सरळ जाड पट्टीला क्लॅम्पने बांधा आणि वाकाच्या जागी खाली पातळ तुकडा देऊन किंचित उलट्या दिशेला ताणा. थंड पात्यावर हातोडा मारलात तर दोन तुकडे हातात येतील.

यानंतर ग्राइंडरवर उघड्या हातांनी काम करा, म्हणजे गरम लागताच कळेल. पातं सतत पाण्यात बुडवत राहा. धारेवर निळा रंग आला म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं. तेवढी धार मऊ झाली, ती घासून मागे सरकण्यावाचून इलाज नाही.

आता अवजारं

रुळाच्या तुकड्याची ऐरण करताना तो आडवा ठेवतात, कारण तो ऐरणीसारखा दिसतो. आडवा रूळ घाव बसला की लवतो. तोच उभा केला तर सगळं वजन हातोड्याच्या थेट खाली येतं. सुरीसाठी माथा लहान असला तरी चालतो.

पंच आणि छिन्नी अख्खी कडक करू नका. काम करणारं टोक कडक हवं, हातोडा पडणारं डोकं मऊच. कडक डोक्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. मऊ डोकं कालांतराने छत्रीसारखं पसरतं. ते वेळच्या वेळी घासून टाका.

सांडशी घडवून झाली की लाल असतानाच पाण्यात टाकायची सवय लागते. माइल्ड स्टील असेल तर बिघडत नाही, पण अनोळखी गजाची सांडशी कामाच्या मध्यात तुटते, लाल पातं पायाजवळ पडतं. हवेतच थंड होऊ द्या. तिचा जबडा गरम करून प्रत्यक्ष पकडायच्या पट्टीवरच दाबून बसवा. रिव्हेट घट्ट झाला तर तो भाग लाल करा आणि थंड होईपर्यंत सांडशी उघडझाप करत राहा.

गॅसची भट्टी बांधताना जस्ताचा मुलामा असलेला पाइप आत किंवा ज्वाळेजवळ वापरू नका. त्याच्या धुराने ताप भरतो. सिरॅमिक वूल (भट्टीच्या आत लावायचं, उष्णता अडवणारं कापसासारखं अस्तर) उघडं ठेवू नका, त्याचे तंतू हवेत उडतात. वरून रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे भट्टीची आच सोसणाऱ्या मसाल्याचा, लेप द्या. बंद खोलीत भट्टी कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन्ही बाजूंनी हवा खेळती हवी आणि या वायूचा अलार्मही लावलेला हवा. दोन्ही टोकं बंद असलेली नळी भट्टीत घालू नका, आतली हवा आणि ओल फुगून ती फुटते.

घरी बनवलेल्या बेल्ट ग्राइंडरचा पट्टा सारखा एका बाजूला पळत असेल तर मोटारीशी झटापट करू नका. वरचं चाक मध्यभागी किंचित फुगीर आहे का बघा. पट्टा चाकाच्या सर्वांत उंच भागाकडे चढतो, सपाट चाकावर त्याला जागाच सापडत नाही. मुठीचं लाकूड घासताना मात्र पोलादाचा भुगा आधी झाडून काढा. त्यातल्या ठिणग्या लाकडाच्या भुश्यात तासन्‌तास धुमसू शकतात.