एफएमआरआयमधले बिघडलेले व्हॉल्यूम एफएसएलमध्ये कसे हाताळायचे

एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम टिपणारा एमआरआय स्कॅन, चालू असताना माणूस खोकला किंवा बटण दाबताना खांदा हलला, की एक-दोन व्हॉल्यूम (ठरावीक वेळाने घेतलेली अख्ख्या मेंदूची एकेक प्रतिमा) बिघडतात. मोशन करेक्शन डोकं जागेवर आणतं, पण त्या क्षणी बिघडलेला सिग्नल तसाच राहतो. असे व्हॉल्यूम हुडकायला एफएसएल या मेंदू-प्रतिमांच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एफएसएल मोशन आउटलायर्स’ ही स्क्रिप्ट आहे.

तिला कच्ची फंक्शनल फाइल द्या. मोशन करेक्शन ती स्वतः करते. आधीच करेक्ट केलेली फाइल दिली तर हालचाल जवळपास शून्य दिसते आणि सगळं आलबेल वाटतं. सुरुवातीचे डमी व्हॉल्यूम (सिग्नल स्थिर होण्याआधीचे) फीटमध्ये, म्हणजे एफएसएलच्या विश्लेषण करणाऱ्या भागात, गाळणार असाल तर तोच आकडा इथल्या ‘डमी’ पर्यायातही द्या, नाहीतर पुढे ओळींची संख्या जुळत नाही. आलेखाची फाइल मागून घ्याच.

खरी मेख उंबरठ्यात आहे, म्हणजे ज्या आकड्यापलीकडे व्हॉल्यूम खराब धरायचा त्यात. काही सांगितलं नाही तर स्क्रिप्ट बॉक्सप्लॉटचा नियम लावते: ७५वा शतमक अधिक आंतरचतुर्थक विस्ताराच्या (मधल्या निम्म्या आकड्यांच्या पसाऱ्याच्या) दीडपट. हा उंबरठा त्या-त्या रनवरच (एका सलग स्कॅनवरच) ठरतो. शांत पडून राहिलेल्या माणसाचे किरकोळ धक्केही त्यात पकडले जातात; सतत चुळबुळ करणाऱ्याचा विस्तारच इतका मोठा होतो की भयंकर व्हॉल्यूम सुटून जातात. म्हणून गटाची तुलना असेल तर फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट (एका व्हॉल्यूमपासून पुढच्यापर्यंत डोकं किती हललं याचं माप) निवडून सगळ्यांना एकच ठाम उंबरठा लावावा. ०.५ मिमी हा बराच वापरला जातो. हे माप आधीच्या व्हॉल्यूमशी तुलना करतं, त्यामुळे डोकं हलून परत आलं तर दोन शिखरं दिसतात. सोबत डीव्हार्सही (लागोपाठच्या व्हॉल्यूममध्ये सिग्नल किती बदलला याचं माप) काढा. डोकं न हलता सिग्नल उसळला तर तो तिथे दिसतो.

पकडलेला प्रत्येक व्हॉल्यूम एफएसएल-आइज या प्रतिमा बघायच्या प्रोग्राममध्ये उघडून बाजूच्या छेदात बघा. इंटरलीव्ह्ड स्कॅनमध्ये (आधी एकाआड एक छेद, मग मधले राहिलेले) व्हॉल्यूम घेतानाच डोकं हललं असेल तर एकाआड एक गडद-फिकट आडवे पट्टे दिसतात.

आता हे व्हॉल्यूम कापून टाकू नका. कापले की काळाचा क्रम तुटतो आणि हाय-पास फिल्टर (संथ चढउतार काढणारा) व लागोपाठच्या व्हॉल्यूममधल्या सहसंबंधाचा हिशेब दोन्ही चुकतात. स्क्रिप्टच्या आउटपुट फाइलमध्ये प्रत्येक खराब व्हॉल्यूमला एक स्तंभ असतो: त्याच्या ओळीत १, बाकी सगळीकडे ०. फीटच्या स्टॅट्स टॅबमध्ये ‘अ‍ॅडिशनल कन्फाउंड ईव्ही’ (मॉडेलमधले नको असलेला परिणाम शोषून घेणारे जादा स्तंभ) म्हणून ती जोडा. एकही व्हॉल्यूम सापडला नाही तर फाइल तयारच होत नाही, म्हणून बॅच स्क्रिप्टमध्ये आधी ती आहे का हे तपासा.

प्रत्येक स्तंभ एक डिग्री ऑफ फ्रीडम खातो, म्हणजे अंदाजासाठी उरलेली माहिती तेवढी कमी होते. किती टक्के व्हॉल्यूम गेले की रन बाद करायचा, हे निकाल बघण्याआधी ठरवा. खराब व्हॉल्यूम प्रयोगातल्या एकाच कंडिशनमध्ये (एकाच प्रकारच्या कामात) गोळा झालेत का, हेही बघा. तसं असेल तर त्या कंडिशनचा अंदाज उरलेल्या मोजक्या व्हॉल्यूमवरच टेकलेला असतो.

एखादी व्यक्तीच गटात वेगळी पडत असेल तर त्यासाठी वरच्या पातळीवर, म्हणजे गटाच्या विश्लेषणात, फ्लेम या एफएसएलच्या पद्धतीसोबत ‘ऑटोमॅटिक आउटलायर डी-वेटिंग’ आहे. ते व्यक्तीला सरसकट वगळत नाही. प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेच्या एकेका छोट्या घनात) वेगळा निर्णय घेऊन तिथलं तिचं वजन कमी करतं. वेळ मात्र बराच जास्त लागतो.