मोटारसायकलला आधार देताना आधी वजनाची वाट शोधा

गाडी घरी उघडायची म्हटलं की सल्ले मिळतात ते ठरलेले. खाली दोन विटा लाव. कुणाला तरी मागच्या सीटवर बसव, पुढचं चाक आपोआप उचललं जाईल. नाहीतर सरळ आडवीच कर. हे प्रकार एखाद्या वेळी निभावून जातात आणि त्यामुळेच ते टिकून राहिले आहेत. पण शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडीसुद्धा ११० ते १२५ किलो भरते, ३५० सीसीची १८० ते १९५ किलोपर्यंत जाते आणि कलंडते तेव्हा आपला हात किंवा पाय नेमका तिच्या खालीच असतो, कारण आपण काम तिथेच करत असतो.

म्हणून स्टँड, जॅक, ठोकळे हे सगळं नंतर. आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: या गाडीचं वजन आत्ता कोणकोणत्या भागांतून जमिनीपर्यंत पोचतंय? फ्रेमवर बोट ठेवा आणि तिथून खाली या. फ्रेमवरून शॉकअपवर, शॉकअपवरून चिमट्यावर म्हणजे स्विंगआर्मवर, तिथून चाकावर किंवा स्टँडवर, मग जमिनीवर. तुम्ही जो भाग सोडवणार आहात तो या वाटेवर येत असेल, तर तो आधार त्या कामाचा नाही. भले तो कितीही भक्कम दिसो.

पॅडॉक स्टँडचं उदाहरण घ्या. तो मागच्या चिमट्याला धरून गाडी उचलतो. चाक काढायला, चेन धुवायला त्याच्यासारखी सोय नाही. पण त्याच स्टँडवर मागचा शॉकअप सोडवलात तर? फ्रेम चिमट्यावर उभी होती ती शॉकअपच्या जोरावर. बोल्ट निघाला की सीटसकट मागचा भाग खाली बसतो. स्कूटरची गोष्ट तर आणखी फसवी आहे. बहुतेक स्कूटरमध्ये डबल स्टँड फ्रेमला नसतो, इंजिनच्या केसिंगला असतो, आणि इंजिन व बॉडी यांच्यामध्ये मागचा शॉकअप असतो. मोटारसायकलवर काम केलेला माणूस सवयीनं स्कूटर डबल स्टँडवर घेतो, शॉकअपचा बोल्ट काढतो आणि बॉडी मागून खाली येते. स्कूटरचा शॉकअप काढायचा असेल तर मागच्या बाजूला फ्रेमखाली वेगळा आधार हवाच.

जागेबद्दल थोडंच सांगतो. जमीन सपाट आणि कडक हवी. मातीत स्टँड रुततो, उन्हात तापलेल्या डांबरातही रुततो. तिथेच काम करायची वेळ आली तर खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका. फरशीवर तेल सांडलेलं नसावं. किल्ली काढून ठेवा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा, मुलांना आणि प्राण्यांना लांब ठेवा. टाकी निम्मी रिकामी असेल तर उत्तम. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे १२ लिटरची भरलेली टाकी ९ किलो वजन उंचावर धरून असते.

घट्ट नट गाडी दोन्ही चाकांवर असतानाच ढिले करायचे. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. ॲक्सलचा म्हणजे चाकाच्या दांड्याचा नट, पुढच्या स्प्रॉकेटचा म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा नट, डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट, सगळ्यांना फक्त पाव फेरा द्या, काढू नका. लांब दांड्याच्या पान्यावर सगळं अंग टाकायची वेळ येते तेव्हा गाडी अधांतरी असता कामा नये. बहुतेक गाड्या स्टँडवरून सटकतात त्या याच वेळी.

तेल बदलणं, प्लग बदलणं यासाठी डबल स्टँड पुरतो. साइड स्टँडवर फक्त वरवरची कामं करा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, कारण गाडी पुढे सरकली की साइड स्टँड मिटतो. गिअरचा हा आधार मागचं चाक जमिनीवर आणि चेन जागेवर असेपर्यंतच आहे. चेन उतरवली की तोही गेला.

मागचं चाक डबल स्टँडवर निर्धास्त काढता येतं. मागचं वजन कमी झालं की गाडी पुढच्या चाकावर जास्त रेलते, म्हणजे आणखी स्थिर होते. एवढंच करा की पुढच्या ब्रेकचं लिव्हर पट्ट्यानं आवळून ठेवा. डबल स्टँड सुटतो तो गाडी पुढे ढकलल्यावर, आणि पुढचं चाक फिरलं नाही तर गाडी पुढे जात नाही.

आता पुढची बाजू. खरी परीक्षा इथे आहे आणि मीही सगळ्यात जास्त इथेच झगडलो आहे. पुढचं चाक आणि पुढचे शॉकअप, म्हणजे फोर्क, काढायचे असतील तर डबल स्टँडवर घेतलेली गाडी आपल्याला वाटते तितकी उभी राहिलेली नसते. स्टँडचे दोन पाय आणि पुढचं चाक, असे तीन टेकू तिला असतात. त्यातला तिसराच आपण काढणार. चाक निघालं की पुढचं वजन घटतं आणि गाडी मागे झुकून मागच्या चाकावर टेकते. मग फोर्क काढताना टी-मध्ये, म्हणजे हँडलखाली फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या जोडात, हात घालून खाली ओढावं लागतं, तेव्हा ती पुन्हा पुढे झुकते. मागे-पुढे अशी डोलणारी गाडी आणि त्यात ब्रेकही नाही, कारण पुढचं चाकच नाही. मागे माणूस बसवण्याचा किंवा सीटवर वाळूचं पोतं ठेवण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. माणूस हलतो, कंटाळतो, फोन आला की उतरतो. पोतं घसरतं. गाडीला डोलायला जागाच ठेवायची नाही, हा एकच उपाय आहे.

सुरुवात स्टँडपासून. दोन्ही पायांखाली एकच सलग फळी घ्या, १२ ते १८ मिलिमीटर जाडीची. दोन वेगळे तुकडे नकोत, ते वेगवेगळ्या दिशांना सरकतात. या फळीमुळे मागच्या चाकाखाली थोडी जास्त मोकळी जागा मिळते. ती का लागते ते पुढे येईल.

मग स्टँड बांधा. हे पाऊल जवळपास सगळेच गाळतात आणि मला त्याचं नवल वाटतं, कारण एका पट्ट्याचं काम आहे. स्टँडच्या आडव्या दांड्यापासून पुढे फ्रेमच्या उभ्या नळीपर्यंत रॅचेट पट्टा ताणून घ्या. स्टँड मिटताना पाय मागे जातात. पट्टा त्यांना पुढे धरून ठेवतो. उभी नळी नसलेली फ्रेम असेल तर इंजिनच्या पुढच्या माउंटिंगला बांधा. पट्टा गरम बेंड पाइपला, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीला, टेकू देऊ नका.

आता पुढे जॅक. दुहेरी नळ्यांची फ्रेम असेल तर जॅक त्या दोन्ही नळ्यांखाली आडव्या लाकडावर घ्या. नळ्या नसतील तर इंजिनच्या तळाचा सपाट, जाड भाग शोधा, रुंद लाकूड मध्ये ठेवा आणि ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, बेंड पाइप यांना टाळा. काही इंजिनांचा चेंबर, म्हणजे तळाचा तेल साठवणारा भाग, पातळ ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्यावर वजन घेणं म्हणजे तो फोडणं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जॅक कुठे लावायचा ते बघा; त्यात जे लिहिलं असेल ते माझ्यापेक्षा जास्त खरं माना. लेग गार्डखाली जॅक कधीही नको. तो वाकतो. बरेच फूटरेस्ट तर मिटायलाच बनवलेले असतात.

जॅक हळूहळू वर घ्या. पहिले दोन-तीन सेंटिमीटर काहीच घडत नाही असं वाटेल, चाक जमिनीवरच राहील. कारण गाडीच्या वजनानं दबलेली फोर्कची स्प्रिंग आधी उलगडते. इथे घाई करणारे जॅकचा दांडा जोरात फिरवतात आणि पुढची चूक होते.

ती चूक अशी. पुढून उचललेली गाडी आधी स्टँडच्या पायांवर तोललेली असते. ती मागे झुकत जाते आणि मागचं चाक जमिनीला लागतं. त्यानंतरही जॅक वर घेत राहिलात तर गाडी मागच्या चाकावर फिरू लागते आणि स्टँडचे पाय हळूच जमिनीवरून सुटतात. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी मस्त उचलली गेली असं दिसतं. प्रत्यक्षात तिला आता दोनच टेकू उरलेले असतात, जॅकचं अरुंद डोकं आणि मागचं चाक. दोन टेकूंवरची गाडी बाजूला पडणारच. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनंतर स्टँडच्या पायाखाली जाड कागद सरकवून बघा. तो आत गेला नाही पाहिजे. सहज गेला तर थांबा आणि जॅक खाली घ्या. मागे जागा हवी म्हणून मघाची ती फळी. पुढचं चाक जमिनीपासून बोटभर सुटलं की पुरे. मडगार्ड किंवा ब्रेकमुळे चाक निघत नसेल तरच आणखी थोडं.

आता मागच्या चाकाखाली जी फट उरली असेल ती फळ्यांनी भरून टाका. मग गाडीला मागे झुकायलाही जागा नाही.

आणि जॅकवर गाडी सोडून कामाला बसू नका. हायड्रॉलिक जॅकचं सील जुनं असेल तर तो तासाभरात नकळत खाली येतो. कात्री जॅक खाली बसत नाही, पण त्याचा पाया अरुंद असतो. जॅकच्या शेजारी लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून चौथरा करा, त्याची उंची पायाच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नका, आणि जॅक उतरवून वजन चौथऱ्यावर घ्या. विटा नकोत म्हणतो ते इथेच. वीट सगळीकडून सारखा दाब सोसते, पण एका कडेवर किंवा बोल्टच्या टोकावर वजन आलं की कोणतीही सूचना न देता दुभंगते. लाकूड आधी चेपतं, कुरकुरतं, तुम्हाला वेळ देतं.

टी-चे बोल्ट मात्र अगदी शेवटी. फोर्क टी-मध्ये आवळून धरणारे वरचे आणि खालचे बोल्ट गाडी चाकावर असताना दोन्हीकडचे ढिले केले तर फ्रेम फोर्कच्या नळ्यांवरून घसरत खाली येते. वजनाची वाट तीच आहे. फोर्कचं झाकण जमिनीवर ढिलं करायचं असेल तर फक्त वरचा बोल्ट सैल करा, खालचा घट्टच राहू द्या.

सगळं लागलं की गाडी हलवून बघायची. हँडल धरून डावीकडे, उजवीकडे, मग पुढे, मागे. पान्याला जेवढा जोर लावणार तेवढाच जोर लावा, हळुवार नको. पडायचीच असेल तर आता पडू दे, तुम्ही बाजूला उभे असताना. काही कुरकुरलं, सरकलं तर सगळं उतरवून पुन्हा रचा.

डबल स्टँड नसलेल्या गाडीला आधी मागे पॅडॉक स्टँड, मगच पुढे. पुढचा स्टँड दोन प्रकारचा मिळतो. फोर्कच्या तळाला धरणारा फक्त चाकासाठी चालतो. फोर्क काढायचे तर टी-च्या खालच्या छिद्रात पिन जाणारा हवा, आणि पिन त्या छिद्राच्या मापाचीच हवी. हँडलचे कोन सेट, म्हणजे बेअरिंग बदलायचे असतील तर हाही उपयोगाचा नाही, कारण आता खुद्द टी वजनाच्या वाटेवर आहे. तिथे आधार फ्रेमलाच द्यावा लागतो. वरून पट्ट्यांनी टांगायचं असेल तर बांधकामातली मजबूत तुळई हवी. छताच्या पंख्याची कडी चालणार नाही. पंख्याच्या आणि गाडीच्या वजनात दहापटींहून जास्त फरक आहे.

इंजिन उतरवताना इंजिनखालचा जॅक इंजिनचा झाला, गाडीचा नाही. फ्रेमला तिचा वेगळा आधार हवा आणि इंजिन गेल्यावर उरलेल्या सांगाड्याचा तोल कुठे जातो ते आधीच पाहून ठेवा.

इतकं करूनही गाडी जाऊ लागली तर सोडून द्या आणि मागे व्हा. लिव्हर, इंडिकेटर, टाकीवरचा पोचा, हे सगळं बदलून मिळतं. पडणारी गाडी पकडायला जाणारा माणूस तिच्या खाली जातो.

उतरवताना क्रम उलटा: आधी जॅक पुन्हा वजनाखाली आणून चौथरा मोडा, मग मागच्या चाकाखालच्या फळ्या काढा, पुढचं चाक जमिनीवर टेकवा. दोन पॅडॉक स्टँड असतील तर आधी पुढचा उतरवा. ॲक्सलचा नट गाडी चाकांवर आल्यावर मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे आवळा. स्टँडचा पट्टा सोडायला विसरू नका, नाहीतर गाडी ढकलताना स्टँड मिटणार नाही. आणि कॅलिपर काढला असेल तर गाडी स्टँडवरून उतरवायच्या आधी ब्रेकचं लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. पॅड मागे गेलेले असतात, पहिले काही दाब मोकळेच जातात.