उजवी बेस गिटार डावखुरी करताना
तारा उलट्या क्रमाने लावल्या की झालं, असं नसतं. खरी अडचण नटची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा खाचांत धरणाऱ्या पट्टीची. ४५–१०५ संचात (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) सर्वात जाड ई (E) तार साधारण २.७ मिमी, सर्वात बारीक जी (G) तारेच्या १.१ मिमी खाचेत ती बसणारच नाही. जुना नट फिरवला तर खाचांचा उतार उलटा होतो, तार झणझणते. डावखुरा नटच घ्या.

ई आता टोकाच्या खुंटीवर जाते. कापण्याआधी लांबी मोजा. पट्ट्याचं बटण गिटारच्या दुसऱ्या शिंगावर (पुढे आलेल्या टोकावर) हलवा. मग बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) इंटोनेशन, म्हणजे सूर खरा लागतो का, ते तपासा: दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा आधार) मागे. फेंडर प्रिसिजन बेसचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) तारांच्या हिशेबाने उलटा पडल्याने ई जरा करकरीत वाजते, ते चालतं. कोपराखाली येणारे नॉब मात्र छळतात.